एक टक्कल, एक्केचाळीस ग्रुप

ग्रुपवर माल विकायचा असेल तर पहिला नियम असा, की माल विकायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, टक्केटोणपे खाऊन कळलं. आधी दोन महिने नुसतं वाढदिवसांना केक टाकायचे, कुणाचं कोण गेलं तर हात जोडायचे, पाणी कधी येणार असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. मग ॲडमिनबाईंना खासगीत विचारायचं, 'ताई, माझं घरगुती तेल आहे, रविवारी एक पोस्ट टाकली तर चालेल का?' न विचारता टाकली की हाकलतात. विद्यानगरच्या हळदीकुंकू ग्रुपमधून मला दोनदा हाकललंय आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

मी हेमलता खडतरे, कराडची. जास्वंद, माका, आवळा आणि वाळा घालून घाण्याच्या खोबरेलाचं केसांचं तेल करते. एक्केचाळीस ग्रुपांत आहे. सोसायटीचा, भिशीचा, योगवर्गाचा, पुण्यात गेलेल्या कराडकरांचा, माझ्या माहेरच्या गावचा, आणि ह्यांच्या व्हॅनमधून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांचा. हे म्हणजे माझे यजमान, मुरलीधर खडतरे. एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवतात. चौदा मुलं, एक अपघात नाही, एक उशीर नाही. निम्म्या कराडचे मुरलीकाका.

आणि माझा धंदा उभा आहे ह्यांच्या टकलावर. थट्टा करत नाही. कसा ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी फोनला नाक आलं. आता सगळ्यांनाच त्याची सवय झाली आहे, पण तेव्हा आमच्या बचत गटाच्या हॉलमध्ये एक मॅडम खास शिकवायला आल्या होत्या. फोनच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी असते. तिच्यावर चौसष्ट बारीक ठिपके. हवेतले रेणू प्रत्येक ठिपक्याला कमीजास्त चिकटतात. कुठल्या ठिपक्याला किती चिकटले, त्याची चौसष्ट आकड्यांची ओळ तयार होते. ती ओळ म्हणजे वास. ती ग्रुपवर टाकली की पलीकडच्या माणसाच्या घरी डबी असते. डबीत अठ्ठेचाळीस मूळ वासांचे थेंब. आलेल्या आकड्यांच्या हिशेबाने त्यातले हवे ते थेंब तापतात आणि घरबसल्या वास येतो. लोक म्हणायला लागले, 'वास टाका की.' लोणचंवाल्या, धूपवाल्या, मसालेवाल्या सगळ्या वास टाकायला लागल्या.

मॅडमनी एक गोष्ट फळ्यावर लिहून दिली होती. माणसाचं नाक निवड करतं. फोडणी हुंगताना बाजूच्या मोरीकडे ते लक्ष देत नाही. फोनचं नाक निवड करत नाही, समोर असेल ते सगळं टिपतं. म्हणून माल काचेच्या स्वच्छ वाटीत घ्या आणि वाटीवर फोन धरा.

बाकी बायकांनी वाट्या घेतल्या. मी मनात म्हटलं, तेल काय वाटीला लावायचं असतं? आमच्या घरात तेल बाटलीत हुंगून कधी कुणी घेतलं नाही. बाळाची टाळू भरतात, तेव्हा ते टाळूवर मुरतं आणि मग त्याचा वास उमलतो. आई म्हणायची, तेलाची परीक्षा टाळूवर. ऊब लागल्याशिवाय वाळा बोलतच नाही. मी माझ्याच डोक्यावर करून बघितलं, तर शांपूचाच वास जास्त आला. केस म्हटले की शांपू, घाम, सगळी भानगड आली. तेवढ्यात हे अंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि माझी ट्यूब पेटली.

"या इकडे, बसा," म्हटलं.

"केसांच्या तेलाची जाहिरात टकलावर?" हे म्हणाले. "लोक पैसे परत मागतील."

"तुम्ही नुसतं बसा. बोलायचं काम माझं."

तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता अंघोळ झाली की हे खुर्चीत बसायचे. मी नवीन घाण्याचं तेल टाळूवर जिरवायची, पाच मिनिटं थांबायची आणि फोन धरायची. खाली लिहायची, 'मुरलीकाकांच्या टकलावरून थेट.' लोकांना हे इतकं आवडलं की सोमवारी ऑर्डरी लिहून घ्यायला वही पुरायची नाही. व्हॅनमधली मुलंसुद्धा हात लावून बघायची, म्हणे काका, आज तुम्ही रविवारच्या वासाचे आहात.

मला मात्र त्या अर्ध्या तासाचं अप्रूप वेगळं होतं. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे दूध संपलं, हवा भरायची आहे, एवढंच. रविवारी मात्र मी चोळत असायची आणि हे डोळे मिटून काहीबाही सांगत असायचे. मी विचारायची, "कसं झालंय?" हे म्हणायचे, "आज वाळा थोडा जास्त झालाय." आणि खरंच झालेला असायचा.

पन्नासेक रविवार असे गेले.

मागच्या श्रावणात भिशीच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, 'ताई, तेलात काही बदल केलाय का? वास पहिल्यासारखा नाही.' तिच्याखाली तिघींनी अंगठे दिले. दुसऱ्या रविवारी योगवर्गातून तेच. 'जड वाटतो.' 'जुन्या कपाटासारखा येतो.' ग्रुपचं असं असतं, एकीने शिंकलं की चौघींना सर्दी होते. तीन आठवड्यांत ऑर्डरी निम्म्यावर आल्या.

मी आधी घाणेवाल्या मोकाशींकडे जाऊन भांडले. जुनं खोबरं घालता, म्हटलं. ते बिचारे शपथा घेत राहिले. मग मी वाळेवाल्याला बदललं, लोखंडी कढई घासघासून पांढरी केली, अख्खा एक घाणा ओतून दिला. तरी तेच. शेवटी अडला हरी तशी त्या मॅडमच्या फळ्यावर आले. काचेची वाटी घेतली, तेल ओतलं, फोन धरला आणि मॅडमच्या वर्गात वाटीतून घेतलेल्या वासाशी ताडून बघितलं. तसूभर फरक नाही. तेल तेच होतं.

मग बदललं ते डोकं.

आता मला सांगा, पन्नाशी उलटलेल्या बाईच्या मनात पहिलं काय येईल? मी सरळ विचारलं, "विडी ओढायला लागलात का?"

"काय?"

"शाळेबाहेर गाड्या लावून सगळे ड्रायव्हर बसता ना. खरं सांगा."

"हेमा, मी मुलांच्या गाडीत कधी बडीशेपसुद्धा थुंकलो नाही," हे म्हणाले आणि पेपर उचलून आत गेले. त्या रविवारी हे तेलाला बसले, पण एक शब्द बोलले नाहीत. मला माझाच राग आला.

बुधवारी वैराळेबाई घरी आल्या. प्रमिला वैराळे, कन्याशाळेच्या निवृत्त शिक्षिका. दोन ग्रुपांत आमच्या बरोबर असतात, पण कधी लिहीत नाहीत. मला वाटलं तेल न्यायला आल्यात. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "खडतरे घरात आहेत का?"

"नाही, दुपारची फेरी आहे."

"बरं झालं. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही, फोनवरही सांगायचं नव्हतं. तुम्ही टाकता तो वास मला ओळखीचा आहे."

"तेलाचा?"

"नाही, तेलाच्या खालचा. आमच्या ह्यांच्या उशीला यायचा. मी अभ्रे बदलले, कापूस बदलला, शेवटी गादी टाकून दिली. सहा वर्षांनी ह्यांचा हात कापायला लागला. कंपवात. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. दवाखान्यात त्याच आजाराच्या लोकांच्या रांगेत मी बसले तर सगळ्या बाकावरून तोच वास. तेव्हा मला कळलं की गादीचा दोष नव्हता. मी चुकत असेन तर चांगलंच आहे. पण मागच्या गणपतीपासूनचे तुमचे सगळे रविवार मी काल ओळीने लावून बघितले. तो वाढत गेलाय, हेमाताई."

मी बाईंना काहीतरी तोडून बोलले, काय ते आठवत नाही. त्या उठल्या, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "मला कुणी सांगणारं असतं तर मी सहा वर्षं गादीवर घालवली नसती."

ह्यांना मी पुण्याला नेलं ते साखर तपासायची म्हणून. दवाखान्यात मेंदूविकाराच्या पाटीखाली बसलो तेव्हा ह्यांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर निकम म्हणून तिशीतली मुलगी होती. तिने समजावलं ते मला समजलं तसं सांगते. मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या काही पेशी असतात, त्या या आजारात हळूहळू मरतात. निम्म्याहून जास्त मरेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी त्वचेतल्या तेलाचं रसायन बदलतं. त्वचेचं तेल सगळ्यात जास्त कुठे, तर टाळू, कपाळ आणि पाठ. हा वास लाखात एखाद्याला ओळखता येतो. आता फोनच्या नाकालाही येतो, फक्त त्याला काय शोधायचं ते सांगावं लागतं.

तिने ह्यांच्या टाळूवरून कापूस फिरवला आणि माझे साठ रविवार स्वतःच्या यंत्रात घेतले. पडद्यावर एक रेघ चढत गेलेली दिसली. डॉक्टरांचे डोळे चमकले. "काकू, तेच डोकं, तेच तेल, तीच वेळ, साठ आठवडे. आम्ही पैसे देऊनसुद्धा असं कुणी बसत नाही." मग तिचं तिलाच कळलं आणि तिने पडदा बंद केला.

मग तिने तीन छोट्या बाटल्या काढल्या. हुंगून नाव सांगायचं. पहिली कापराची. मला दोन हातांवरून येत होता. हे म्हणाले, "लिंबू?" दुसरी कॉफी, तिसरी गुलाब. हे अंदाज करत राहिले. चौथी तिने माझ्या पिशवीतली मागून घेतली, माझीच तेलाची बाटली. ह्यांनी बराच वेळ नाकाला धरली आणि म्हणाले, "साबण."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून येत नाही वास?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग वाळा जास्त झालाय हे दर रविवारी कसं सांगायचात?"

"तू कढईत टाकायचीस तेव्हा बघायचो ना," हे म्हणाले. "तुला उगाच वाईट कशाला वाटून द्यायचं?"

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

निकाल असा की आजार आहे, पण अजून अंगात उतरलेला नाही. चालताना डावा हात किंचित कमी हलतो, तोही डॉक्टरांनी दाखवला म्हणून दिसला. हात कापायला चार वर्षं लागतील, आठही लागतील. गाडी चालवता येईल का, हे ह्यांनी तीनदा विचारलं. आज बिनधास्त चालवा, डॉक्टर म्हणाल्या, पण दर तीन महिन्यांनी तपासणी. मग त्यांनी जाताजाता जे सांगितलं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं. दिवाळीत सगळ्यांच्या फोनमध्ये ही तपासणी फुकट येणार होती. फोनमध्ये साठवलेल्या जुन्या वासांवरसुद्धा ती आपोआप चालणार होती.

परतीच्या गाडीत मी गणित करत बसले. एक्केचाळीस ग्रुप, साठ रविवार, आणि प्रत्येकाच्या खाली माझ्याच हाताने लिहिलेलं, 'मुरलीकाकांच्या टकलावरून थेट.' त्यातला एक ग्रुप तर ज्यांची मुलं ह्यांच्या गाडीत बसतात त्यांचाच. ग्रुपवरून पुसून बघितलं. दोन दिवसांच्या आतलंच पुसता येतं.

"आपण आधीच सांगून टाकायचं का?" मी विचारलं.

"काय सांगायचं? आज माझा हात कापतोय?" हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "चार वर्षांनी पाऊस येणार म्हणून आज कुणी छत्री उघडत नाही. मुलं सोडून मला दुसरं काय येतं, सांग."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ दिवाळीला आपोआप उघडणार होती. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. व्हॅनच्या ग्रुपवर आणि बाकी चाळीसांवर मी लिहिलं, 'सर्वांची क्षमा मागून एक गंमत सांगते. आजवरचे वास मुरलीकाकांच्या नाही, त्यांच्या नाशिकच्या मोठ्या भावांच्या डोक्यावरून घेतलेले आहेत. काका कंटाळतात म्हणून एकदाच भरपूर नमुने घेऊन ठेवले होते.' वर दोन हसरे चेहरे टाकले. एक्केचाळीस जागी पाठवलं आणि शेंगा सोलायला बसले.

हे एक वाजता आले. गाडी लावली, चपला काढल्या, पाणी प्यायले. फोन माझ्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"दिवाळीनंतर तुमच्याकडे बोट दाखवतील म्हणून..."

"म्हणून दादाकडे दाखवायचं?" आवाज चढलेला नव्हता. "ग्रुपवर आमच्या गावचे किती आहेत माहीत आहे ना? दादाच्या सुनेचं माहेर आहे त्यात. दिवाळीला त्यांच्या फोनमध्ये दिसेल की नाशिकच्या भावाला कंपवात आहे. त्याच्या धाकटीचं जमवतायत आत्ता. माझा आजार उचललास आणि सरळ त्याच्या डोक्यावर ठेवलास."

मला खरंच सुचलं नव्हतं हे. मला फक्त ह्यांचं डोकं बाहेर काढायचं होतं. मी रडायला लागले. हे माझ्याजवळ बसून शेंगा सोलायला लागले.

"हेमा," हे म्हणाले, "एकोणीस वर्षं लोक झोपाळलेली पोरं माझ्या हातात देतात आणि माझं तोंडसुद्धा न बघता आत जातात. तेच माझं मीठ आहे. ते लपवून खाल्लं तर पचायचं नाही. मी म्हणत होतो सांगू नको, ते चुकत होतो. भीती वाटत होती. पण खोटं सांगण्यापेक्षा भीती बरी."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा वाजता अंघोळ करून हे खुर्चीत बसले. मी म्हटलं, आज नको. म्हणाले, लाव. मी लावलं. पाच मिनिटं थांबून मी फोन धरला, आणि ह्यांनी तो माझ्या हातातून घेऊन व्हॅनच्या ग्रुपवर बोलायला सुरुवात केली.

"मी मुरलीधर खडतरे. काल माझ्या घरून जे लिहिलं गेलं ते खरं नाही. सगळे वास माझ्याच डोक्याचे आहेत, दादाचा काही संबंध नाही. त्या वासावरून डॉक्टरांना माझ्यात कंपवाताची सुरुवात सापडली आहे. आज माझे हातपाय ठीक आहेत, गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी आहे. कागद खाली टाकतो. दर तीन महिन्यांनी तपासणी होईल, त्याचाही कागद इथेच टाकीन. ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणतील त्या दिवशी चावी ठेवीन. तरी ज्यांना आत्तापासूनच भरवसा वाटत नाही त्यांनी संकोच करू नये. शिंदेंच्या गाडीत जागा आहे, मी बोलून ठेवलंय."

मग तोच आवाज त्यांनी बाकीच्या चाळीस ग्रुपांवर पाठवला. आणि शेवटी त्या दिवशीचा वास टाकला.

ग्रुपवर लोक बघतात ते कळतं. चौदाच्या चौदा घरांनी पंधरा मिनिटांत ऐकलं. तासभर कुणीच काही लिहिलं नाही. मी भाजी चिरत होते आणि दर मिनिटाला फोनकडे मान वळत होती. हे आंब्याच्या कुंडीला पाणी घालत होते. पहिला मेसेज आला तो सलगरांचा, 'काका, उद्या सातपंचवीसलाच ना?' मग तीन-चार अंगठे आले. मग खासगीत यायला लागले, आणि खासगीत येतं ते काय असतं ते ग्रुपवर धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'काका, तुम्ही देवमाणूस आहात, पण आमच्या सासूबाई ऐकत नाहीत.' 'पुढच्या महिन्यापासून मीच सोडणार होतो, तर आत्तापासूनच सोडतो.' संध्याकाळपर्यंत सहा घरं गेली. सगळे गोड बोलून गेले. कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही, माझ्या नातीला कुणाच्या गाडीत बसवायचं असतं तर मीही दहा वेळा विचार केला असता.

दुसरीकडे एक वेगळंच सुरू झालं. बाकीच्या ग्रुपांमधून बायकांचे खासगी मेसेज. 'ताई, दोन बाटल्या पाठवा. ह्यांच्या डोक्याला लावून वास बघायचाय.' आठवड्यात कधी नव्हत्या इतक्या ऑर्डरी आल्या. पहिल्या दिवशी मी बाटल्या भरायला घेतल्या आणि मला ते नको वाटायला लागलं. मी सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, तेल लागत नाही, डोकं पुरतं, डॉक्टर निकमांचा नंबर हा. निम्म्या जणींनी तरीही तेल मागवलं. मी पाठवलं. धंदा आहे शेवटी.

माझ्यात मात्र काहीतरी बिघडलं. हे चष्मा कुठे ठेवला ते विसरले की मी त्यांच्याकडे बघत राहते. आधीही विसरायचे, तेव्हा मी ओरडायची. आता ओरडत नाही, आणि हे ह्यांना जास्त लागतं. चहाचा कप उचलला की मी बशीचा आवाज ऐकते. आजार हातात उतरायला चार वर्षं आहेत, पण माझ्या डोळ्यांत तो उतरून बसलाय.

सोमवारी सकाळी मी म्हटलं, मी येते आज बरोबर. ह्यांनी पुढच्या सीटवरची पिशवी मागे टाकली. आठ मुलं घ्यायची होती. पाच चढली, गाडी कोयना कॉलनीच्या वळणावर आली, आणि ह्यांनी जंगमांच्या दारात थांबवून दोनदा हॉर्न दिला.

जंगमांनी कालच नाव काढलं होतं. मुक्ता, दुसरीतली, आता वडिलांच्या स्कूटरवर जाणार होती. विसरले, मी मनात म्हटलं. सुरुवात झाली.

हॉर्न ऐकून मुक्ता दप्तर घेऊन धावतच फाटकापर्यंत आली. मागून तिची आई पल्लवी आली आणि तिने दप्तराचा पट्टा धरून तिला थांबवलं. "काका, मी काल मेसेज केला होता," ती कशीबशी म्हणाली.

"वाचला," हे म्हणाले. गाडीतून उतरले, मागचं दार सरकवलं, वाकून सीटखालून पाण्याची बाटली काढली आणि चालत फाटकापाशी गेले. "शनिवारी राहिली होती गाडीत. आज शाळेत लागेल." बाटली फाटकावरून पुढे धरली.

पल्लवीने ती लगेच घेतली नाही. तिची नजर ह्यांच्या चेहऱ्यावर नव्हतीच. बाटली धरलेल्या हातावर होती. रोज सकाळी आपलं लेकरू ज्या हातात देत होती त्याच हाताकडे ती डोळे बारीक करून बघत होती, मुलांसमोर, भर रस्त्यात. मला असा संताप आला की मी दार उघडून पाय खाली टाकला. तिला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, आणि मला कळलं की मीही गाडी थांबल्यापासून हातच बघतेय.

हात स्थिर होता. पल्लवीने बाटली घेतली. हे परत आले, मागचं दार लावलं, आपल्या जागेवर बसून पट्टा अडकवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोघींचं बघून झालं असेल तर दार लावून घे. अजून तिघांना घ्यायचंय."